शाळेच्या अंगणात होड्या: अर्जापासून उलांडीपर्यंत

२०२५ च्या पावसाळ्यात आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत आम्ही मुलांबरोबर खेळण्यातल्या होड्या केल्या आणि पाण्यात सोडल्या. कागदाच्या, फॉइलच्या, केळीच्या सोपाच्या (म्हणजे खोडाच्या सुट्या केलेल्या थरांच्या), रबरबँडवर पळणाऱ्या. होडी करणं हा त्यातला सोपा भाग होता. बावीस मुलं, पाणी आणि धारदार हत्यार एका अंगणात आणायचं म्हटल्यावर जे सगळं मागे लागतं, त्यात जवळजवळ महिना गेला. कुणाला आपल्या शाळेत, सोसायटीत किंवा वाचनालयात असं काही करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

आमचं गाव रत्नागिरी तालुक्यात, खाडीच्या काठाला. शाळा पाचवीपर्यंत, शिक्षक दोन. निम्म्याहून जास्त मुलांचे बाप, काका, मामा होडीवर जातात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, त्यामुळे त्या दोन महिन्यांत होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या असतात आणि पुरुषमाणसं घरी असतात, जाळी विणत, दुरुस्त करत. मला हीच वेळ हवी होती. एरवी शाळेच्या कुठल्याही कामाला आयाच येतात. ज्यांच्या हाताला होडी माहीत आहे ते लोक समुद्रावर असतात.

शाळा १६ जूनला उघडली. पहिलीच्या प्रवेशाच्या गडबडीत मुख्याध्यापक बाईंनी पालकांना सांगितलं, की ‘आनंददायी शनिवार’मध्ये कुणाला काही शिकवायचं असेल तर या. हा उपक्रम राज्य शासनाने २०२४ च्या मार्चमध्ये निर्णय काढून सुरू केला. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी शनिवारी पुस्तकाबाहेरचं काही घ्यायचं, असा त्याचा हेतू आहे. तुमची शाळा सरकारी असेल तर अर्जात या उपक्रमाचं नाव जरूर लिहा. त्या नावाने शाळेकडे आधीच नोंद ठेवायची असते, त्यामुळे तुमचं काम त्यांच्या वहीत कुठे बसवायचं हा प्रश्न तिथेच सुटतो.

३० जूनला मी साध्या कागदावर अर्ज दिला. बाईंनी वाचला आणि परत दिला. “वहिनी, ‘होडी बनवण्याचा उपक्रम’ एवढंच लिहून चालणार नाही. कोण, किती वाजता, कुठे, कशाने, हे सगळं लिहा.” त्यांचं बरोबर होतं. बाहेरचं माणूस वर्गात येणार म्हटलं की शाळेला आता फार जपावं लागतं. दुसऱ्या अर्जात मी वेळ लिहिली (शनिवारची सकाळची शाळा, आठ ते साडेदहा), सामानाची यादी दिली, कोयती आणि कात्री फक्त मोठ्यांच्या हातात राहील असं लिहिलं, माझ्यासोबत येणाऱ्या दोन पालकांची नावं घातली आणि तिघांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स जोडल्या. पाण्याची खोली मात्र मोकळी सोडली, कारण जागाच ठरली नव्हती. तुम्ही अर्ज देणार असाल तर ही ओळ आधी भरा. पुढचे सगळे प्रश्न तिच्याभोवतीच येतात.

अर्जावर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव लागतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला, त्यामुळे समोर बसणारी माणसं आपल्याच वाडीतली असतात. सभा ५ जुलैच्या शनिवारी व्हायची होती. पण दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी, म्हणून त्या शनिवारी मुलांची दिंडी निघाली आणि सभा पुढे गेली. मग गुरुपौर्णिमा. शेवटी ११ जुलैला, शुक्रवारी दुपारी, सभा भरली.

सभेत होडी कशी करणार हे कुणी विचारलं नाही. पहिलीतल्या एका मुलीच्या आईने विचारलं, “पाणी कुठलं आणि किती?” मग त्यावरच अर्धा तास गेला. तिच्या सासऱ्यांचा भाऊ लहानपणी पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, वाहून गेला होता, हे मला नंतर कळलं. त्या बाईचे मी मनापासून आभार मानते, कारण तिच्या प्रश्नामुळेच पुढचं सगळं नीट झालं.

जागा तीन होत्या. खाडी, देवळाची तळी आणि शाळेमागचा पऱ्या. खाडीला भरती-ओहोटी आणि चिखल, पावसाळ्यात तर प्रवाहाचा भरवसा नाही. पऱ्या जुलैत दुथडी भरून धावतो. राहिली तळी. तिचं पाणी शांत असतं, पण पायऱ्यांवर शेवाळ, आणि चौथ्या पायरीनंतर मोठ्या माणसाचाही पाय पोचत नाही. तरी मी ग्रामपंचायतीत जाऊन विचारून आले. ग्रामपंचायत अधिकारी, ज्यांना गावात अजून सगळे ग्रामसेवक भाऊच म्हणतात, त्यांनी नीट समजावून सांगितलं: तळी देवस्थानच्या ताब्यात, त्यांचं पत्र आणा, मग मासिक सभेत विषय घेऊ. मासिक सभा महिनाअखेरीला होती. हा मार्ग मी तिथेच सोडला. जिथे खोली आपल्या हातात नाही अशा पाण्याजवळ वीस मुलं न्यायची नाहीत, असं बाईंचं आणि माझं एकमत झालं.

तोडगा एका गवंडीकाम करणाऱ्या पालकांनी काढला. शाळेच्या अंगणात जांभ्याचे चिरे आडवे मांडून चौकोन करायचा आणि आत ताडपत्री अंथरून पाणी भरायचं. चिरे त्यांच्याच एका चालू कामावरून आले आणि परत गेले. ताडपत्री एका घरून मिळाली, होडी झाकायची, १८ बाय १२ फुटांची. आतला चौकोन ४ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि पाणी १२ सेंटिमीटर. पाचवीच्या मुलांनी गुणाकार करून ९६० लिटर काढले आणि शाळेच्या हजार लिटरच्या टाकीकडे बघून त्यांना एकदम अंदाज आला. पाणी टाकीतून घ्यावं लागलं नाही. पत्र्याच्या पन्हळीखाली नळी लावून ठेवली आणि पावसाने रात्रीत भरून दिलं.

१२ सेंटिमीटर म्हणजे पहिलीच्या मुलाच्या पोटरीपर्यंतही नाही. तरी लक्षात ठेवा, लहान मूल तोंडावर पडलं तर एवढंसं पाणीही जिवावर बेतू शकतं. म्हणून आम्ही लिहूनच ठेवलं: पाण्याच्या प्रत्येक लांब बाजूला एक मोठं माणूस उभं, त्याच्या हातात दुसरं काम नाही, मोबाइल नाही. आणि काम संपलं की पाणी लगेच सोडायचं, दुपारसाठी राखायचं नाही.

ठराव झाला. मग संमतीपत्रं. एका पानावर सोप्या मराठीत: काय करणार, पाणी किती, कोण हजर, मुलाला त्वचेचा किंवा फिट येण्याचा काही त्रास आहे का, फोटो काढलेला चालेल का. फोटोच्या प्रश्नाला वेगळी चौकट ठेवली हे बरं झालं. दोन घरांनी उपक्रमाला होकार आणि फोटोला नकार दिला, आणि त्या मुलांना पाण्यापासून दूर न ठेवता आम्हाला फक्त कॅमेऱ्याचा कोन बदलता आला. पत्रं मुलांच्या दप्तरातून पाठवली तर अर्धी भिजून परत येतात. आम्ही आयांच्या हातात दिली, शाळा सुटताना.

१९ जुलैला सुरुवात करायची ठरली होती, पण त्या शनिवारी पावसाची सुट्टी जाहीर झाली. पावसाळ्यात असं काही करत असाल तर एक शनिवार हातचा धराच. त्या आठवड्यात माझा धीर थोडा खचला होता. एवढ्या सह्या, एवढी तयारी, आणि मुलं रोज विचारत होती, “काकू, होडी कधी?” सुट्टीच्या दिवशी घरी बसून मी क्रम पुन्हा मांडला: मोठं पाणी एकदम काढायचं नाही, आधी वर्गात, परातीत.

तसं २६ जुलैला केलं. बाहेर मुसळधार, आत चार पराती. पहिली होडी नेहमीची कागदाची. बहुतेकांना घडी येत होती, पण पहिलीच्या मुलांना शेवटी दोन्ही टोकं ओढून होडी उघडायची ती ओढ जमत नाही, तिथे मोठ्या मुलाचा हात लागतो. पाठकोरे कागद घ्या. वर्तमानपत्राचा कागद फार लवकर पाणी पितो. अर्ध्या मुलांना घडी घालण्याआधी कागदाच्या दोन्ही बाजूंवर मेणबत्ती घासायला सांगितलं, अर्ध्यांना नाही. मग सगळ्या होड्या एकदम पाण्यात. न घासलेल्या तळाकडून काळपट होत बसत गेल्या, घासलेल्या बराच वेळ तरंगल्या. मेणावरून पाणी ओघळतं हे सांगावंच लागलं नाही. एका मुलीने विचारलं, “म्हणून होडीला रंग लावतात काय?” आणि तिच्या शेजारच्याने तिला आपल्या घरची होडी दर वर्षी कशी खरवडतात आणि रंगवतात ते सांगितलं.

नंतर फॉइल. प्रत्येक जोडीला १५ सेंटिमीटरचा चौकोन. आधी तो चुरगळून घट्ट गोळी करायची, दगडाने ठेचायची आणि पाण्यात टाकायची. गोळी बुडते. हाताने नुसती वळलेली गोळी कधी कधी तरंगते, कारण आत हवा राहते, म्हणून ठेचणं महत्त्वाचं. मग तेवढ्याच दुसऱ्या चौकोनाची कडा उचललेली पसरट होडी करायची. ती तरंगते, वर काजूच्या बियाही पेलते. वजन तेवढंच, पण पसरट होडी जास्त पाणी बाजूला सारते, आणि जेवढं पाणी बाजूला सारलं तेवढ्या वजनाचा आधार पाणी तिला देतं. पाचवीला आम्ही हिशोब घातला: चारी बाजूंनी २ सेंटिमीटर कड उचलली तर तळ ११ बाय ११, म्हणजे पोटात २४२ घन सेंटिमीटर जागा, म्हणजे फार तर २४० ग्रॅमच्या आसपास ओझं. प्रत्यक्षात त्याच्या बऱ्याच अलीकडे होडी बुडते, कारण बिया एका बाजूला घरंगळतात आणि तिथली कड पाण्याखाली जाते. हे एकदा पाहिल्यावर मुलांनी बिया मधोमध, एकेक करून, जोडीने ठेवायला सुरुवात केली. वर्गात एवढी शांतता मी आधी कधी ऐकली नव्हती.

कापराची होडी सगळ्यात शेवटी. पोस्टकार्डासारख्या जाड कागदाची, बोटभर लांबीची, मागे छोटी खाच. खाचेत कापराचा गव्हाएवढा तुकडा असा अडकवायचा, की तो पाण्याला टेकेल. होडी आपोआप पुढे सरकते आणि बराच वेळ भिरभिरत राहते. पाण्याच्या पृष्ठभागाला एक ताण असतो. कापूर मागच्या बाजूचा ताण कमी करतो, पुढचा तसाच राहतो आणि होडी पुढे ओढली जाते. अट एकच, परात आणि पाणी अगदी स्वच्छ हवं. कुणाच्या बोटाला केसांचं तेल असेल आणि ते पाण्यात बुडालं, की सगळ्या होड्या जागच्या जागी थांबतात. आमच्या मुलांच्या डोक्याला सकाळी चांगलं चपचपीत तेल असतं, त्यामुळे परात राखेने घासून पाणी पुन्हा पुन्हा बदलावं लागलं. कापराऐवजी साबणाचा कण चालतो, पण तो एकदाच. मग पाणी निकामी. आणि कापूर पोटात गेला तर विषारी असतो, म्हणून डबी माझ्याकडे आणि तुकडा लावण्याचं काम बाईंकडे, असं आधीच वाटून घेतलं होतं. खडीसाखर समजून तोंडात टाकणारं एखादं मूल असतंच.

मोठा दिवस २ ऑगस्ट. आदल्या संध्याकाळी दोन घरच्या केळी तोडल्या. घड उतरवल्यावर ते खोड तसंही तोडायचंच असतं. खोडाचे सोप सुटे करून हातभर लांबीचे तुकडे केले आणि ओल्या गोणपाटाखाली ठेवले. उघडे राहिले तर ते मऊ पडतात, कडा आत वळतात. हे काम मुलांसमोर करू नका. कोयती चालते आणि वेळही फार जातो. नारळाच्या झावळीचे हीर काढून जुड्या बांधल्या, चिव्याच्या (बारीक बांबूच्या) कामट्या तासून त्यांची टोकं बोथट केली, फणसाची पानं आणली. चिकटवायला डिंक ठेवलाच नाही, पाण्यात तो सुटतो. जे जोडायचं ते हिराने टोचून किंवा सुतळीने बांधून.

एक विनंती: केळीच्या चिकाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत. संमतीपत्रावर आम्ही ‘जुने कपडे घालून पाठवा’ असं ठळक लिहिलं होतं. तरी शनिवारचा गणवेश घालून आलेल्या मुलांसाठी जुने शर्ट जवळ ठेवा.

रात्री मला नीट झोप लागली नाही. कौलांवर पाऊस वाजत होता आणि मनात सारखं येत होतं, मुलं पाण्यात उतरली तर, कुणी कुणाला ढकललं तर. सकाळी सहाला उघडीप झाली आणि शाळेत पोचले तर बाई आणि दोन बाप्ये आधीच चिऱ्यांवर ताडपत्रीच्या कडा दाबत उभे होते. त्यांना बघून जीव भांड्यात पडला.

बसायची चटई आम्ही मुद्दाम पाण्याला लागून घातली होती. या सगळ्यातून एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला. आधी होड्या पूर्ण करायच्या आणि शेवटी सोडायच्या, असा क्रम ठेवला तर मूल होडी सजवत बसतं, ती पाण्यात आडवी झाली की रडतं, आणि तोवर वेळ संपलेला असतो. पाणी हाताशी असलं की मूल नुसता सोप टाकून बघतं, मग एक हीर खोचून बघतं, मग पान लावून. आडवी झाली की उचलून घेतं आणि काहीतरी बदलतं. त्या दिवशी कुणी रडलं नाही. अडीच तासांत नवीन काही शिकवायची वेळ माझ्यावर क्वचितच आली. मी बहुतेक वेळ सुतळी कापून देत होते.

केळीचा सोप आत पोकळ्यांनी भरलेला असतो, त्यामुळे तो बुडत नाही. टोकं उघडी असली तरी तरंगतो. त्यामुळे पहिलीच्या मुलांनाही लगेच यश येतं. होडी पुढच्या बाजूला निमुळती करायची असेल तर टोकाला थोडं चिरून दोन्ही कडा जवळ आणायच्या आणि हिराने टाचायच्या. पण शीड लावलं की खेळ बदलतो. हीर म्हणजे डोलकाठी, तिच्यात दोनदा टोचून ओवलेलं फणसाचं पान म्हणजे शीड. वारा चांगला होता. पान फुगलं, होडी दोन हात पळाली आणि कलंडली. एकामागून एक सगळ्या.

मग जे सुरू झालं ते मी बघत राहिले. कुणी पान अर्धं फाडलं. कुणी डोलकाठी ठेंगणी केली. एकाने होडीच्या पोटात खडे भरले; त्याची होडी उभी राहिली, पण फार खोल बसली आणि चालेना. दोन बहिणींनी दोन सोप शेजारी शेजारी बांधून रुंद तराफा केला, तो पडत नव्हता आणि वळतही नव्हता. प्रत्येकाचं उत्तर थोडं बरोबर होतं. वजन खाली गेलं किंवा वाऱ्याचा जोर खाली आला, की होडी सावरते.

शाळेच्या शेजारी एक जुने तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, राहतात, गाव त्यांना आबा म्हणतं. वय ऐंशीच्या घरात. मी त्यांना बोलावलं होतं, तर “मी काय शिकवणार” म्हणून ते कुंपणाबाहेर दगडी पारावर बसून होते. तिसरीतल्या एका मुलीने वैतागून पान काढून टाकलं तेव्हा तिथूनच म्हणाले, “शीड काढू नको गो. तिला उलांडी बांध.”

ती होडी घेऊन कुंपणापाशी गेली. आबांनी तिच्याकडून दोन कामट्या मागितल्या, सोपाचाच बोटभर जाड, वीतभर लांब तुकडा घेतला. कामट्या होडीवर आडव्या बांधल्या, एका बाजूला बाहेर काढल्या आणि त्यांच्या टोकांना तो तुकडा होडीला समांतर बांधला. हीच उलांडी. गाठ मारताना त्यांची बोटं थरथरत नव्हती. होडी पाण्यात सोडली, वारा आला, होडी कलली आणि परत सरळ झाली. चौकोनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

क्षणात अर्धी शाळा कुंपणापाशी. मग आबा आत आले, त्यांना खुर्ची दिली आणि पुढचा तास त्यांचाच. “एकाच बाजूला कशी पुरते?” असं एका पाचवीतल्या मुलाने विचारलं, तेव्हा त्यांनी त्यालाच होडी हाताने दोन्हीकडे कलवायला लावली. उलांडीकडे कलली की ती पाण्यात दाबली जाते आणि पाणी तिला वर ढकलतं. दुसऱ्या बाजूला कलली की ती पाण्याबाहेर उचलली जाते आणि तिचं वजन होडीला परत खाली ओढतं. कामट्या होडीच्या रुंदीच्या दुपटी-तिपटीने लांब ठेवल्या तेव्हा छान जमलं. आखूड ठेवल्या तर उपयोग होईना, फार लांब झाल्या तर होडी त्याच बाजूला गोल फिरायला लागली. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर अशा उलांडीच्या होड्या मुलांनी जन्मापासून पाहिलेल्या आहेत. ती आडवी काठी तिथे का असते, हे मात्र त्यातल्या कितीतरी जणांना त्या सकाळी पहिल्यांदा कळलं, आणि मलाही.

आबा घरी जायला निघाले तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. बाईंनी त्यांची सही उपक्रम नोंदवहीत ‘मार्गदर्शक’ या रकान्यात घेतली. त्यांनी चष्मा मागवून घेतला आणि सावकाश सही केली.

आवरायला पाऊण तास धरा. ताडपत्रीची एक कड उचलली की पाणी गटाराकडे नेता येतं. सोपाच्या होड्या घरी नेऊन दोन-तीन दिवसांत काळ्या पडतात, हे मुलांना आधी सांगा. आमच्याकडे बऱ्याच शाळेच्या परसबागेत, खताच्या खड्ड्यात गेल्या. थर्माकोल आम्ही आणलाच नव्हता. तो तरंगतो छान, पण त्याचे मणी पाण्यातून खाडीत जातात, आणि राज्यात २०१८ पासून थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदीही आहे.

मग नारळी पौर्णिमा झाली. त्यानंतर शाळा भरली तेव्हा मुलांनी न सांगता एक यादी करून आणली होती: गावात कुठल्या होडीला उलांडी आहे, कुठल्या नाही. लहान, अरुंद होड्यांना आहे, रुंद ट्रॉलरना नाही. कारणही त्यांनीच सांगितलं.

२३ ऑगस्टला फक्त चौथी-पाचवीसाठी रबरबँडची होडी घेतली. एक लिटरचं ताकाचं खोकं उभं चिरलं की दोन होड्या होतात. आइस्क्रीमच्या दोन काड्या मागे बाहेर निघतील अशा दोन्ही बाजूंना चिकटपट्टीने बसवायच्या, त्यांच्यावर रबरबँड ताणायचा, मधे खोक्याच्याच तुकड्याचं पातं अडकवून पीळ द्यायचा आणि सोडायचं. पातं होडीला न घासता पाण्यात पोचलं पाहिजे. जाड रबरबँड क्षणात उलगडून जातो, बारीक आणि लांब जास्त वेळ चालतो. पीळ उलटा दिला तर होडी मागे जाते. हे मुलांना सांगू नका, त्यांना सापडू द्या. चिकटपट्टी लावण्याआधी जागा कोरडी पुसा, पावसाळ्यात दमट खोक्यावर ती धरत नाही. ज्यांना अशी आणखी खेळणी हवी असतील त्यांच्यासाठी अरविंद गुप्ता यांच्या टाकाऊ वस्तूंतून केलेल्या खेळण्यांच्या चित्रफिती मराठीतही मोफत मिळतात. आम्ही वर्गात बाईंच्या फोनवर दोन-तीन दाखवल्या.

खर्च सगळा मिळून ३९४ रुपये आला: झेरॉक्स ४४, फॉइल ९०, चिकटपट्टी ८०, काड्या ६०, कापूर ५०, सुतळी ३०, रबरबँड २०, मेणबत्त्या २०. केळी, हीर, पानं, कामट्या, चिरे गावातलेच. शाळेकडे यासाठी वेगळा निधी नसतो, पण बिलं जपून ठेवा. बाईंनी ती ‘लोकसहभाग’ या नोंदीत लावली आणि केंद्रप्रमुखांना पाठवायच्या अहवालात फोटोंसह जोडली. अहवाल एक पानाचा. उपस्थिती, साहित्य, सुरक्षेची काळजी आणि मुलांनी काय पाहिलं एवढंच त्यात.

गणपतीनंतरच्या समितीच्या सभेत ताडपत्रीचा विषय निघाला, कारण होडीवाल्यांना आता त्यांची परत हवी होती. पालकांनी वर्गणी काढून ९०० रुपयांची नवीन घेतली आणि ती शाळेच्या साठा नोंदवहीत चढली. शेजारच्या गावच्या शाळेतल्या गुरुजींनी ती २० सप्टेंबरच्या शनिवारसाठी मागितली आहे. त्यांच्याकडे केळी कमी आणि पोफळी भरपूर, तेव्हा होड्या पोफळीच्या विरीच्या, म्हणजे झावळीच्या बुडाशी असणाऱ्या रुंद आवरणाच्या, होतील. वाळलेली विरी वळवताना तडकते, म्हणून शुक्रवारी रात्रीच भिजत घालायला सांगितलं आहे, आणि आबांना न्यायला गाडी पाठवायलाही.